कायद्याच्या भाषेतील 'लिंग' आणि 'लिंगभाव'

हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने ८ जुलै २०२५ रोजी तालिबानचे सर्वोच्च नेते हैबतुल्ला अखुंदजादा आणि सरन्यायाधीश अब्दुल हकीम हक्कानी यांच्याविरुद्ध अटक वॉरंट जारी केले. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल ताब्यात घेतल्यानंतर तालिबानने मुलींच्या माध्यमिक शाळा बंद केल्या, डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांचे दरवाजेही लावून घेतले आणि स्त्रियांच्या नोकरीवर, प्रवासावर, सार्वजनिक वावरावर एकामागून एक निर्बंध लादले. या साऱ्याला न्यायालयाने जे नाव दिले, ते आहे 'लिंगभावाच्या आधारे छळ'. हा मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरतो. उल्लेखनीय म्हणजे हा छळ केवळ मुली आणि स्त्रियांपुरता मर्यादित नाही, असे न्यायालयाचे प्राथमिक मत आहे. तालिबानच्या कल्पनेतील 'पुरुष' किंवा 'स्त्री' या चौकटीत न बसणारे लोक, तसेच स्त्रियांची बाजू घेणारे म्हणून ओळखले गेलेले लोकही या गुन्ह्याचे बळी असल्याचे त्याने म्हटले आहे.

न्यायालयाला हे म्हणता आले ते ज्या एका शब्दाच्या आधारे, त्या शब्दावर गेली तीस वर्षे जगभर वाद झडत आहेत. इंग्रजीतील 'सेक्स' आणि 'जेंडर' या दोन शब्दांमधील फरक वरवर पाहता अभ्यासकांच्या चर्चेचा विषय वाटतो. प्रत्यक्षात मात्र कोणाला संरक्षण मिळणार, कोणाची तक्रार ऐकली जाणार आणि सरकारने नेमके काय करायचे, हे त्या फरकावर ठरते.

दोन शब्द, दोन अर्थ

मराठीत 'लिंग' हा शब्द व्याकरणापासून शरीरशास्त्रापर्यंत सर्वत्र चालतो. स्त्री-अभ्यासाच्या क्षेत्रात 'जेंडर'साठी 'लिंगभाव' हा शब्द रूढ झाला. 'लिंग' म्हणजे स्त्री-पुरुषांमधील शारीरिक, जीवशास्त्रीय भेद. 'लिंगभाव' म्हणजे त्या भेदांना समाजाने चिकटवलेले अर्थ, भूमिका, गुण आणि अपेक्षा. गर्भधारणा हा शरीराचा धर्म झाला; परंतु मूल सांभाळायचे ते आईनेच आणि घर चालवायचे ते बापानेच, ही समाजाने केलेली वाटणी होय. शरीर सर्वत्र सारखेच राहते. वाटणी मात्र देशागणिक आणि काळागणिक बदलते. जे माणसांनी घडवले ते माणसांना बदलताही येते, हा या भेदातून निघणारा कायदेशीर निष्कर्ष आहे.

आंतरराष्ट्रीय कायद्यात ही जाण एकाएकी आलेली नाही. सुरुवातीच्या सर्व दस्तऐवजांत केवळ 'लिंग' हाच शब्द आढळतो.

सनद आणि जाहीरनामा

१९४५ च्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेने वंश, लिंग, भाषा वा धर्म असा भेद न करता सर्वांचे मानवी हक्क जपण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि प्रास्ताविकात 'स्त्री-पुरुषांचे समान हक्क' असा स्पष्ट उल्लेख केला. सनदेवर सही करणाऱ्यांत स्त्रिया अवघ्या चार होत्या. ब्राझीलच्या बर्था लुट्झ आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या मिनर्वा बर्नार्डिनो यांसारख्या प्रतिनिधींनी आग्रह धरला नसता, तर हा उल्लेख कदाचित राहूनच गेला असता.

तीन वर्षांनी मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत असताना शब्दाचे महत्त्व पुन्हा एकदा अधोरेखित झाले. एलेनॉर रूझवेल्ट यांच्या अध्यक्षतेखालील मानवी हक्क आयोगात भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसा मेहता. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या कुलगुरुपदी १९४६ मध्ये त्यांची नियुक्ती झाली होती. मसुद्याच्या पहिल्या कलमातील इंग्रजी शब्दयोजनेचा अर्थ 'सर्व पुरुष' असाही होऊ शकत होता. अनेक देश त्याचा सोयीस्कर अर्थ लावतील, हे ओळखून मेहता यांनी त्याऐवजी 'सर्व मानव' असा बदल करण्याचा आग्रह धरला. १९४८ मध्ये संमत झालेल्या जाहीरनाम्यात तोच शब्द राहिला.

१९६६ मध्ये नागरी व राजकीय हक्कांचा आणि आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा असे दोन आंतरराष्ट्रीय करार संमत झाले. दोन्ही १९७६ मध्ये अमलात आले आणि भारत १९७९ मध्ये त्यांत सामील झाला. भेदभावाला मनाई करताना दोन्ही करारांनी जी कारणे नोंदवली, त्यांत 'लिंग' आहे. शिवाय यादीच्या अखेरीस 'अन्य कोणताही दर्जा' अशी मोकळी जागाही आहे. ही मोकळी जागा पुढे फार मोलाची ठरली.

'सीडॉ'ची कामगिरी

१८ डिसेंबर १९७९ रोजी आमसभेने स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा करार, म्हणजेच 'सीडॉ' संमत केला. आज १८९ राष्ट्रे त्याने बांधलेली आहेत. अमेरिकेने १९८० मध्ये त्यावर सही केली. मान्यता मात्र अद्याप दिलेली नाही.

या कराराच्या मजकुरात 'लिंगभाव' हा शब्द कोठेही नाही. पहिल्या कलमात भेदभावाची व्याख्या 'लिंगाच्या आधारे' अशीच केलेली आहे. परंतु पाचवे कलम वाचले, की करारकर्त्यांची दृष्टी किती पुढची होती ते ध्यानात येते. एक लिंग श्रेष्ठ आणि दुसरे कनिष्ठ मानणाऱ्या किंवा स्त्री-पुरुषांच्या ठरावीक भूमिकांवर आधारलेल्या रूढी व पूर्वग्रह दूर करण्यासाठी राष्ट्रांनी सामाजिक आणि सांस्कृतिक वर्तनाचे आकृतिबंध बदलावेत, असे हे कलम सांगते. सरकारने केवळ कायदे दुरुस्त करून थांबू नये, समाजाच्या मनात रुतलेल्या कल्पनांनाही हात घालावा, ही अपेक्षा त्या काळात धाडसाचीच म्हणावी लागेल.

त्याच वेळी कराराने शरीराचा विसरही पडू दिलेला नाही. बाळंतपणाची पगारी रजा, गरोदरपणाच्या कारणावरून नोकरीतून काढण्यास मनाई, प्रसूतिकाळातील आरोग्यसेवा या तरतुदी शारीरिक भेदाची दखल घेतात. मातृत्वाच्या संरक्षणासाठी केलेले विशेष उपाय हा भेदभाव मानू नये, असे चौथे कलम म्हणते. करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २००४ मध्ये हीच भूमिका सविस्तर मांडली. स्त्री-पुरुषांना अगदी सारखी वागणूक देणे पुरेसे नाही. जीवशास्त्रीय भेद आणि समाजाने घडवलेले भेद, दोन्हींचा विचार व्हायला हवा, असे तिने स्पष्ट केले. पुढे २०१० मध्ये अठ्ठाविसाव्या शिफारशीत समितीने 'लिंग' आणि 'लिंगभाव' यांच्या स्वतंत्र व्याख्या दिल्या आणि करार दोन्ही प्रकारच्या भेदभावाला लागू असल्याचे सांगितले.

बीजिंगमधील कंस

'लिंगभाव' हा शब्द राजकीय वादाच्या भोवऱ्यात सापडला तो १९९५ मध्ये. बीजिंग येथे भरणाऱ्या चौथ्या जागतिक महिला परिषदेच्या मसुद्यात हा शब्द ठिकठिकाणी आला होता. काही राष्ट्रांना आणि व्हॅटिकनला त्यात धोका दिसला. या शब्दाच्या आडून स्त्री आणि पुरुष यांपलीकडच्या ओळखींना तसेच समलैंगिकतेला मान्यता दिली जाईल, अशी त्यांची भीती होती. वादग्रस्त मजकूर कंसात टाकण्याची राजनैतिक प्रथा आहे. त्यानुसार हा शब्दही कंसात गेला. तोडगा काढण्यासाठी संपर्क गट नेमावा लागला.

निघालेला तोडगा मोठा मासलेवाईक होता. हा शब्द संयुक्त राष्ट्रसंघाच्या व्यवहारात आजवर ज्या सर्वसाधारण, रूढ अर्थाने वापरला गेला, त्याच अर्थाने तो येथेही वापरला आहे, असे निवेदन परिषदेच्या अध्यक्षांनी केले. तो रूढ अर्थ कोणता, हे मात्र कोणीच सांगितले नाही. कंस निघाले आणि प्रत्येक पक्ष आपापला अर्थ घेऊन घरी परतला.

रोममधील वर्तुळाकार व्याख्या

तीन वर्षांनी रोममध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची संहिता तयार होत असताना हाच वाद पुन्हा उफाळला. आता प्रश्न गुन्ह्याचा आणि शिक्षेचा होता. त्यामुळे व्याख्या टाळता येणार नव्हती. १७ जुलै १९९८ रोजी १२० राष्ट्रांच्या पाठिंब्याने संमत झालेल्या संहितेच्या सातव्या कलमात अखेर पुढील आशयाची व्याख्या आली: लिंगभाव म्हणजे समाजाच्या संदर्भात पुरुष आणि स्त्री ही दोन लिंगे, याहून वेगळा अर्थ या शब्दाला नाही. भारत या मतदानात तटस्थ राहिला आणि तो आजही या न्यायालयाचा सदस्य नाही.

या व्याख्येत दोन्ही बाजूंना हवे ते मिळाले. 'दोन लिंगे' हे शब्द एका बाजूच्या समाधानासाठी, तर 'समाजाच्या संदर्भात' हे शब्द दुसऱ्या बाजूच्या. भाषांचा पेच तर आणखीनच गमतीचा. संहितेच्या फ्रेंच प्रतीत या ठिकाणी 'लिंग' याच अर्थाचा शब्द आहे, तर स्पॅनिश प्रतीत 'लिंगभाव' या अर्थाचा. आणि सर्व अधिकृत प्रती कायद्याच्या दृष्टीने समान दर्जाच्या!

पुढील काळात जोर मिळाला तो 'समाजाच्या संदर्भात' या शब्दांना. न्यायालयाच्या अभियोक्त्यांनी २०१४ मध्ये लैंगिक गुन्ह्यांबाबतचे आणि २०२२ मध्ये लिंगभावाधारित छळाबाबतचे धोरण जाहीर करताना समाजाने ठरवलेल्या भूमिकांचा अंतर्भाव या व्याख्येत असल्याची भूमिका घेतली. अफगाणिस्तान २००३ पासून या संहितेचा सदस्य आहे. साहजिकच तालिबानच्या फर्मानांना हा निकष लावता आला. मुलींना शाळेत जाण्यास मनाई करणारे फर्मान एका शारीरिक गटाला लक्ष्य करतेच, शिवाय 'स्त्रीने कसे असावे' याविषयीची एक कल्पना शस्त्राच्या बळावर लादते.

समित्यांनी उघडलेली दारे

करारांतील शब्द स्थिर असले, तरी त्यांचा अर्थ प्रकरणागणिक घडत जातो. १९८७ मध्ये मानवी हक्क समितीपुढे नेदरलँड्समधील ब्रुक्स प्रकरण आले. तेथील बेरोजगार भत्ता मिळवण्यासाठी विवाहित स्त्रीला आपण कुटुंबातील कर्ती असल्याचे सिद्ध करावे लागे. विवाहित पुरुषाला अशी अट नव्हती; तो कर्ता असणारच, हे कायद्याने गृहीतच धरले होते. हा लिंगाच्या आधारे केलेला भेदभाव असल्याचा निर्णय समितीने दिला.

१९९४ च्या टूनेन प्रकरणात हीच समिती एक पाऊल पुढे गेली. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यात पुरुषांमधील समलैंगिक संबंध हा गुन्हा होता. हा कायदा खासगीपणाच्या हक्काचा भंग करतो, असे सांगतानाच करारातील 'लिंग' या शब्दात लैंगिक कलाचाही समावेश होतो, असे समितीने नमूद केले. टास्मानियाने १९९७ मध्ये तो कायदा रद्द केला. आर्थिक व सामाजिक हक्कांच्या समितीने २००९ मध्ये वेगळी वाट निवडली. तिने लैंगिक कल आणि लिंगभाव ओळख यांना 'अन्य दर्जा' या मोकळ्या जागेत स्थान दिले. दोन वाटा, मुक्काम एकच. परंतु पहिल्या वाटेत जुन्या शब्दाचा अर्थ रुंदावतो, तर दुसऱ्या वाटेत जुना शब्द तसाच राहून नव्या गटाला संरक्षण मिळते. आजच्या वादात हा फरक कळीचा ठरला आहे.

युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा अनुभवही बोलका आहे. ब्रिटनमधील ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या तक्रारी त्याने १९८६ आणि १९९० मध्ये फेटाळल्या होत्या. २००२ मध्ये क्रिस्टिन गुडविन प्रकरणात मात्र त्याने एकमताने भूमिका बदलली. शस्त्रक्रियेनंतर स्त्री म्हणून जगणाऱ्या गुडविन यांना सरकारदरबारी पुरुषच मानले जात असल्याने स्त्रियांना ६० व्या वर्षी मिळणारे निवृत्तिवेतन त्यांना नाकारले गेले होते. या निकालानंतर ब्रिटनने २००४ मध्ये लिंगभाव मान्यतेचा कायदा केला. आंतर-अमेरिकी न्यायालयाने २०१७ मध्ये कोस्टारिकाच्या विनंतीवरून दिलेल्या सल्लागार मतात तर व्यक्तीच्या स्वतःच्या घोषणेवर आधारित नोंद बदलाची पद्धत पुरस्कारली.

लिंगभावाचा निकष पुरुषांच्याही उपयोगी पडतो, हे २०१२ च्या मार्किन प्रकरणात दिसले. रशियन सैन्यातील स्त्रियांना मिणारी बालसंगोपन रजा एका पुरुष सैनिकाला नाकारण्यात आली होती. मूल सांभाळणे हे आईचेच काम, ही रूढ कल्पना भेदभावाचे समर्थन ठरू शकत नाही, असे युरोपीय न्यायालयाने बजावले.

तथापि या प्रवासाला मर्यादाही आहेत. फ्रान्समधील एका आंतरलिंगी व्यक्तीने जन्मदाखल्यावर 'पुरुष' ऐवजी 'तटस्थ' अशी नोंद मागितली, तेव्हा २०२३ मध्ये याच न्यायालयाने हा निर्णय त्या देशावर सोपवला. २००६ मध्ये इंडोनेशियातील योग्यकर्ता येथे तज्ज्ञांनी तयार केलेली तत्त्वे जगभर उद्धृत होतात. पण तो राष्ट्रांमधील करार नव्हे, त्यामुळे ती स्वतःहून कोणावर बंधनकारक नाहीत.

भारतातील पडसाद

भारताने 'सीडॉ'ला ९ जुलै १९९३ रोजी मान्यता दिली, ती काही अटी घालून. रूढी बदलण्याविषयीचे पाचवे कलम आणि विवाहातील समानतेविषयीचे सोळावे कलम यांबाबत, कोणत्याही समाजाच्या वैयक्तिक बाबींत त्याच्या पुढाकाराशिवाय वा संमतीशिवाय हस्तक्षेप न करण्याचे आपले धोरण राहील, असे भारताने जाहीर केले. कराराच्या गाभ्यालाच ही अट स्पर्श करते, अशी टीका तेव्हापासून होत आली आहे.

असे असले तरी न्यायालयांनी या कराराचा उपयोग परिणामकारकपणे केला. १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशात कायदा नसताना 'सीडॉ'चा आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांना कायद्याचे रूप येण्यास २०१३ साल उजाडले. १९९९ च्या गीता हरिहरन प्रकरणात अल्पवयीन मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना आईची सही पुरेशी आहे का, असा प्रश्न होता. वडील हयात असले, तरी योग्य परिस्थितीत आईही नैसर्गिक पालक ठरू शकते, असा अर्थ न्यायालयाने लावला आणि त्यासाठी 'सीडॉ' व बीजिंग जाहीरनाम्याचा दाखला दिला. २००७ मध्ये अनुज गर्ग प्रकरणात, मद्य पुरवले जाते अशा ठिकाणी स्त्रियांना नोकरी नाकारणारी जुनी तरतूद 'संरक्षणा'च्या नावाखाली ठोकळेबाज कल्पना लादते, म्हणून रद्द ठरली.

१५ एप्रिल २०१४ चा 'नालसा' निकाल तर थेट या विषयाचाच. तृतीयपंथीयांना स्वतंत्र लिंगभाव म्हणून मान्यता देताना न्यायालयाने योग्यकर्ता तत्त्वांचा आधार घेतला आणि घटनेच्या पंधराव्या व सोळाव्या कलमांतील 'लिंग' या शब्दात लिंगभाव ओळखही येते, असे म्हटले. सप्टेंबर २०१८ मध्ये दंड संहितेच्या ३७७ व्या कलमाविषयीच्या निकालात हाच विचार लैंगिक कलापर्यंत गेला.

वाद अजून मिटलेला नाही

गेल्या काही वर्षांत या विषयावरील मतभेद पुन्हा तीव्र झाले आहेत. युरोप परिषदेच्या २०११ च्या इस्तंबूल करारात 'लिंगभाव' शब्दाची समाजाधारित व्याख्या आहे. केवळ त्या शब्दामुळे बल्गेरियाच्या घटनात्मक न्यायालयाने २०१८ मध्ये करार घटनाबाह्य ठरवला. ज्या शहराचे नाव कराराला मिळाले, तो तुर्कस्तानही १ जुलै २०२१ पासून त्यातून बाहेर पडला. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या तरतुदींना फारसा कोणाचा विरोध नव्हता. पण शब्दाच्या वादात त्याही अडकल्या.

दुसरा वाद समानतेच्या समर्थकांमध्येच आहे. 'लिंग' या शब्दाचा अर्थ जीवशास्त्रीयच राहावा, अन्यथा स्त्रियांवरील हिंसाचाराची मोजदाद, स्त्रियांसाठीची निवारागृहे, क्रीडा स्पर्धा यांबाबतची संरक्षणे पातळ होतील, असे एक मत आहे. स्त्रियांवरील हिंसाचाराविषयीच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या विशेष प्रतिनिधी रीम अल्सालेम यांनी या अंगाने मांडणी केली आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२५ मध्ये आपल्या देशातील २०१० च्या समानता कायद्यापुरता 'लिंग' म्हणजे जीवशास्त्रीय लिंग, असा अर्थ दिला. मात्र ट्रान्सजेंडर व्यक्तींना त्याच कायद्याखाली स्वतंत्र संरक्षण असल्याचेही स्पष्ट केले. याउलट अनेक करार समित्या आणि २०१६ पासून नेमले जाणारे लैंगिक कल व लिंगभाव ओळख यांविषयीचे स्वतंत्र तज्ज्ञ यांचे म्हणणे असे, की दोन्ही संरक्षणे एकमेकांच्या आड येत नाहीत. स्त्रीला घरात डांबणारा आणि तृतीयपंथीयाला घराबाहेर काढणारा पूर्वग्रह एकाच मुळातून येतो.

या वादाचा पुढचा टप्पाही ठरलेला आहे. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांवर स्वतंत्र करार करण्यासाठी २०२८ आणि २०२९ मध्ये परिषद भरवण्याचा निर्णय आमसभेने डिसेंबर २०२४ मध्ये घेतला. आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २०१९ मध्ये तयार केलेल्या मसुद्यात लिंगभावाच्या आधारे छळाचा गुन्हा आहे. रोम संहितेतील व्याख्या मात्र जाणीवपूर्वक गाळलेली आहे. ती परत आणावी, नवी करावी की जागा तशीच मोकळी ठेवावी, यावर राष्ट्रांना भूमिका घ्यावी लागेल. रोम संहितेबाहेर राहिलेल्या भारतालाही ही चर्चा टाळता येणार नाही. त्या शब्दाचा जो अर्थ ठरेल, त्यावरच उद्याच्या एखाद्या काबूलमधील शाळेचे बंद दार न्यायालयात 'गुन्हा' म्हणून उभे राहील, की त्या देशाचा 'रिवाज' म्हणून सोडून दिले जाईल, याचा निवाडा अवलंबून असेल.